मीठ कसं बनतं आणि त्यातून वीज कधी जाते, घरी तपासून बघायची पद्धत

दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यावर एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो, आयनिक संयुगं (म्हणजे मिठासारखी, प्रभार असलेल्या कणांची बनलेली) स्थायू असताना वीज वाहून नेत नाहीत पण वितळली किंवा पाण्यात विरघळली की नेतात, असं का. मुलं चार ओळी पाठ करतात, मार्क मिळतात, आणि अकरावीत तोच विषय परत समोर आला की पाटी कोरी. हा विषय पाठ करायचा नाहीच मुळी. घरातलं मीठ, तुरटी, साखर, दोन पेन्सिली, एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि थोडं किरकोळ सामान असलं की एका संध्याकाळी हे डोळ्यांनी बघता येतं, आणि एकदा बघितलं की उत्तर आपल्या शब्दांत लिहिता येतं. पण आधी थोडं कागदावर बसू, कारण मीठ बनतं कसं हे चुकीचं डोक्यात बसलं असेल तर प्रयोग करूनही गोंधळ राहतोच.

इलेक्ट्रॉन दिला घेतला, एवढ्यावर थांबू नका

वहीत दोन अणू काढा. सोडियमचा अणुअंक ११, त्याचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १. क्लोरीनचा अणुअंक १७, संरूपण २, ८, ७. सोडियमचा शेवटचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की सोडियमचं २, ८ होतं आणि क्लोरीनचं २, ८, ८. सोडियमकडे ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन उरले म्हणून तो धन आयन, क्लोरीनकडे १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन झाले म्हणून तो ऋण आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात आणि सोडियम क्लोराईड बनतं. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

पुढे जे सांगितलं जातं ना, की सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची घाई असते, अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण झालं की तो खूश होतो, ते मला अजिबात पटत नाही. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा घालावी लागते, आणि ती थोडीथोडकी नाही, एका मोलला (अणू मोजायचं ठरलेलं माप, सुमारे ६ वर २३ शून्यं एवढे अणू) ४९६ किलोज्यूल. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला की परत मिळतात ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटा. त्यात सोडियम मुळात धातूचा तुकडा असतो, त्यातले अणू सुटे करायला सुमारे १०८ लागतात, आणि क्लोरीन वायूत दोन दोन अणू जोडलेले असतात, ती जोडी फोडून एक मोल अणू मिळवायला सुमारे १२२. सगळी बेरीज केली तर तोटा ३७७ वर जातो. मग मीठ बनतंच कशाला?

कारण हे सुटे आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, यालाच जालक ऊर्जा म्हणतात. ७८७ मधून ३७७ वजा करा, ४१० शिल्लक. प्रयोगात मोजलेला आकडा ४११ आहे, म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. हा हिशोब प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकदा तरी करावा असं मी सगळ्यांना सांगत असतो, कारण तो केला की अष्टकाचा नियम कुठे संपतो आणि खरं कारण कुठे सुरू होतं ते कळतं. मीठ टिकून आहे ते आयनांच्या आपसातल्या ओढीमुळे, कुठल्या अणूच्या इच्छेमुळे नाही.

आणि मग पुढचे प्रश्न आपोआप सुटतात. सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? कारण दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला, तो काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, एवढा खर्च कुठलाच स्फटिक भरून काढू शकत नाही. मग मॅग्नेशियम दोन कसे देतं? त्याचा पहिला ७३८ ला निघतो आणि दुसरा १४५१ ला, दोन्ही बाहेरच्याच कवचातले, बेरीज २१८९, शिवाय ऑक्सिजनच्या गळी दुसरा इलेक्ट्रॉन उतरवायला वरून आणखी ऊर्जा घालावी लागते. तरी मॅग्नेशियम ऑक्साईड बनतं, कारण तिथे दोन प्लस आणि दोन मायनस समोरासमोर आहेत, आयनही लहान आहेत, आणि जालक ऊर्जा सुमारे ३८०० किलोज्यूल येते. शाळेच्या लॅबमध्ये मॅग्नेशियमची पट्टी जाळल्यावर डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो तो यातूनच. हीच ओढ द्रवणांकातही दिसते, मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, मॅग्नेशियम ऑक्साईडला मात्र २८०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून तर भट्ट्यांच्या आतल्या विटांमध्ये ते वापरतात.

सूत्र लिहायचं तर फार डोकं लावू नका, प्लस आणि मायनसची बेरीज शून्य झाली पाहिजे एवढंच बघायचं. कॅल्शियमवर दोन प्लस, क्लोराईडवर एक मायनस, म्हणून एका कॅल्शियमला दोन क्लोराईड. ॲल्युमिनियमवर तीन प्लस, ऑक्साईडवर दोन मायनस, म्हणून दोन ॲल्युमिनियमला तीन ऑक्साईड. संयुजांची (म्हणजे प्रभारांच्या आकड्यांची) तिरकी अदलाबदल करून लिहायची जी पद्धत शिकवतात ती चालते, फक्त मॅग्नेशियम ऑक्साईडला दोन दोन लिहून ठेवू नका, एकास एक करायचं.

मिठाचा रेणू नसतो

हे फार जणांना माहीत नसतं, आणि वीज समजायला हेच लागतं. मिठाच्या खड्यात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशा जोड्या नसतात. प्रत्येक सोडियम आयनाच्या सहा बाजूंना सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडच्या सहा बाजूंना सहा सोडियम, वर खाली डावीकडे उजवीकडे पुढे मागे, खडा संपेपर्यंत हीच रचना. १९१३ मध्ये विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष किरण वापरून हे दाखवलं आणि १९१५ चं फिजिक्सचं नोबेल बाप लेकाला मिळून मिळालं. सोडियम क्लोराईडचं जे सूत्र आपण लिहितो ते फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं.

उरण, पेण, वसईकडच्या मिठागरातलं खडे मीठ असेल तर एक खडा भिंगाखाली धरा. कडा सरळ दिसतील, कोपरे काटकोनात, काही खड्यांवर तर आत आत उतरत जाणाऱ्या चौकोनी पायऱ्या दिसतात. आतली रचना चौकोनी म्हणून बाहेरचा आकारही चौकोनी. पिशवीतलं बारीक मीठसुद्धा भिंगातून बघितलं तर बहुतेक कण छोटे छोटे ठोकळेच असतात. आता त्याच खड्यावर बत्ता मारा, तो चेपत नाही, सरळ तुटतो, कारण आयनांचा एक थर थोडा जरी सरकला तरी प्लससमोर प्लस आणि मायनससमोर मायनस येतात आणि ते एकमेकांना ढकलून देतात.

आता प्रयोग

लागणारं सामान: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, मगर क्लिपच्या चार वायरी, दोन लाकडी पेन्सिली, काचेचे चार पाच छोटे ग्लास, आणि डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, बॅटरीच्या दुकानात मिळतं. बॅटरी, एलईडी, रेझिस्टर, वायरी हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात फार पैसे न घालवता येतं.

पेन्सिलीला दोन्ही टोकांना टोक काढा. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून एलईडीचा लांब पाय, एलईडीच्या आखूड पायापासून पहिल्या पेन्सिलीचं वरचं शिसं. दुसऱ्या पेन्सिलीचं वरचं शिसं बॅटरीच्या मायनसला. आता दोन्ही पेन्सिलींची खालची टोकं एकमेकांना टेकवून बघा, एलईडी झगझगीत लागला पाहिजे. नाही लागला तर एलईडीचे पाय उलटे लागलेत किंवा क्लिप शिशाला न लागता लाकडाला लागलीये, नव्वद टक्के वेळा हेच असतं. रेझिस्टर गाळू नका, नाहीतर टोकं टेकवल्या टेकवल्या एलईडी जळेल.

पेन्सिल का आणि खिळा का नाही, हे पण सांगतो. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाईट, त्यातून इलेक्ट्रॉन जातात पण ते स्वतः सहजासहजी पाण्यात उतरत नाही. लोखंडी खिळा प्लसला लावला तर लोखंडच झिजून पाण्यात येतं आणि पाणी तपकिरी होतं, मग काय मोजतोय तेच कळत नाही. या तपकिरी पाण्याकडे शेवटी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून, घरातल्या प्लगची लाईन या प्रयोगाला कधीही, कुठल्याही कारणाने वापरायची नाही. मोबाईलचा चार्जर कापून पण नाही. बॅटरी म्हणजे बॅटरीच. खिडकी उघडी ठेवा, मिठाच्या पाण्यात एका वेळी मिनिटभरच चालवा आणि ते पाणी नंतर ओतून द्या.

आधी कोरडं मीठ घ्या. ग्लासात दोन चमचे मीठ, त्यात दोन्ही पेन्सिली खुपसा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. एलईडी लागत नाही. पण हाच प्रयोग जुलै महिन्यात कोकणात केलात तर एलईडी बारीकसा लागेलही, आणि मग मुलं म्हणतात पुस्तक खोटं आहे. पुस्तक बरोबर आहे. खडे मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणूनच पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाझर सुटतो, खड्यांवर पाण्याचा पातळ थर येतो आणि त्या थरातून वीज जाते. मीठ तव्यावर पाच मिनिटं भाजून, गार करून लगेच परत लावा, एलईडी बंद.

मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर. इथेही एलईडी बंदच राहतो, अगदी अंधारात बघितलं तर कदाचित शंका येईल एवढंच. म्हणजे कोरडं मीठ वीज नेत नाही आणि शुद्ध पाणीही जवळपास नेत नाही. आता त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि ढवळत राहा, ढवळता ढवळता एलईडी लाल व्हायला लागतो आणि मीठ वाढवत गेलात की उजेड वाढत जातो. दोन न चालणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आणि चालायला लागल्या, मला तर दरवेळी हे बघायला आवडतं.

पुढे प्रत्येक वेळी पेन्सिलीची टोकं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन एकेक पदार्थ बघा. साखरेचं पाणी कितीही गोड करा, एलईडी लागत नाही, कारण साखर विरघळते ती अख्ख्या रेणूंच्या रूपात, त्या रेणूंवर प्रभारच नाही. तुरटीचं पाणी छान चालतं, तुरटीत पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट असे तीन प्रकारचे आयन असतात. खायचा सोडा चालतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मंद उजेड देतो, त्यातल्या आम्लाचे फार थोडे रेणू आयनांत फुटलेले असतात म्हणून. नळाच्या पाण्यातही मंद उजेड येतो, कारण जमिनीतले क्षार त्यात आधीपासून विरघळलेले आहेत, आणि ओल्या हाताने स्विचला हात लावू नको असं घरी ओरडतात ते यासाठीच.

हे असं का होतं

वीज वाहायला दोन गोष्टी लागतात, प्रभार असलेले कण आणि त्यांना हलायला मोकळीक. कोरड्या मिठात प्रभार असलेले कण भरपूर आहेत, खरं तर दुसरं काहीच नाही, पण प्रत्येक आयन सहा विरुद्ध प्रभारांच्या मध्ये घट्ट धरलेला आहे. तांब्याच्या तारेत जसे सुटे इलेक्ट्रॉन फिरतात तसे इथे नाहीत, सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन आता क्लोराईडच्या कवचात पक्का बसलाय. साखरेच्या पाण्यात उलट, कणांना मोकळीक आहे पण प्रभार नाही.

मीठ पाण्यात पडलं की पाण्याचे रेणू कामाला लागतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनची बाजू थोडी धन असते, त्यामुळे सोडियमभोवती पाणी ऑक्सिजनची बाजू आत करून गोळा होतं आणि क्लोराईडभोवती हायड्रोजनची. आयनांमधली ओढ पाण्यात हवेच्या मानाने सुमारे ऐंशी पटीने कमी होते. मघाचे ७८७ किलोज्यूल आठवा, स्फटिक फोडायला तेवढे लागतात, आणि पाण्याने आयनांना वेढल्यावर जवळपास तेवढेच परत मिळतात, किंचित कमी, म्हणून मीठ विरघळताना पाणी अगदी थोडंसं गार होतं. सगळ्याच आयनिक पदार्थांचं हे गणित जमत नाही. चुनखडी आयनिकच आहे पण पाण्यात जवळपास विरघळत नाही, तिथे स्फटिकाची पकड जिंकते.

इथे एक गैरसमज हमखास असतो की वीज सोडल्यामुळे मिठाचे आयन होतात. नाही. आयन खड्यातही होते, पाण्यात पडल्यावर सुटे झाले, बॅटरी जोडायच्या आधीच. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८४ मध्ये उप्सला विद्यापीठात दिलेल्या प्रबंधात क्षार पाण्यात आपणहून प्रभारित कणांत सुटतात ही कल्पना मांडली, परीक्षकांनी प्रबंधाला अगदी बेताचा दर्जा दिला, आणि त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. बॅटरी फक्त दिशा देते, सोडियम मायनसच्या पेन्सिलीकडे निघतात आणि क्लोराईड प्लसच्या.

दुसरा गैरसमज, तारेतून येणारे इलेक्ट्रॉन पाण्यात उडी मारून पलीकडे पोहत जातात. तसंही नाही. तारेत आणि पेन्सिलीत इलेक्ट्रॉन, पाण्यात आयन, आणि पेन्सिलीच्या टोकावर दोघांची देवाणघेवाण. मायनसच्या टोकावर बुडबुडे दिसतील, तो हायड्रोजन आहे. सोडियम आयन तिथे जमतात पण इलेक्ट्रॉन घेतं ते पाणी, त्यातून हायड्रोजन वायू आणि हायड्रॉक्साईड आयन बनतात. प्लसच्या टोकावर क्लोराईड इलेक्ट्रॉन सोडतात आणि स्विमिंग पूलसारखा वास येतो, तो क्लोरीन, म्हणूनच खिडकी उघडी ठेवा म्हटलं.

हायड्रॉक्साईड बघायचंय? टिश्यू पेपर मिठाच्या पाण्यात कालवलेल्या हळदीत भिजवा, ताटलीत पसरा आणि दोन्ही पेन्सिलींची टोकं त्यावर अंगठ्याएवढ्या अंतरावर टेकवा. थोड्या वेळात मायनसच्या टोकाखाली पिवळ्याचं लालसर होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेव्हा जे घडतं तेच इथे घडतंय, हळद अल्कलीत लाल होते. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि धनाग्र (प्लसचं टोक) ऋणाग्र (मायनसचं टोक) यातलं कुठलं कुठे ते परत विसरत नाहीत.

वितळलेल्या मिठाचा प्रयोग मात्र घरी करायचा नाही. ८०१ अंशांचं द्रव मीठ म्हणजे भाजण्याचं काम, शिवाय काच तडकते. कारखान्यात ते रोज होतं. मिठात कॅल्शियम क्लोराईड मिसळून मिश्रण सुमारे ६०० अंशांवर द्रव ठेवतात आणि त्यातून वीज सोडतात, तिथे पाणीच नाही म्हणून सोडियम आयनांनाच इलेक्ट्रॉन घ्यावे लागतात आणि धातू सोडियम मिळतो. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून पहिल्यांदा सोडियम वेगळा केला तो याच मार्गाने.

धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक, हा नियम कितपत चालतो

बऱ्यापैकी चालतो, पण डोळे मिटून नको. कल्हईवाले भांडं तापवून त्यावर जी पांढरी पूड टाकतात तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड, त्यात धातू औषधालाही नाही तरी तो आयनिक आहे, कारण अमोनियम हा अख्खा गट मिळून एक प्लस घेऊन फिरतो. उलट हायड्रोजन क्लोराईड वायू आयनिक नाही, पण पाण्यात गेला की पाण्याशी क्रिया होऊन आयन बनतात आणि एलईडी झक्क लागतो. म्हणजे द्रावणातून वीज गेली एवढ्यावरून मूळ पदार्थ आयनिक होता असं ठरवता येत नाही, द्रावणात आयन आहेत एवढंच कळतं. परीक्षेत हा फरक लिहिलात तर तपासणाऱ्याला बरं वाटेल.

टीडीएस मीटर आणि ते तपकिरी पाणी

आरओ विकायला येतात त्यांच्याकडचं पेनासारखं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर म्हणजे आपल्या पेन्सिल एलईडीचाच सुधारलेला भाऊ. ते दोन टोकांमधून वीज किती जाते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज आकड्यात दाखवतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हे मीटर फक्त आयन बघतं. साखर त्याला दिसत नाही, जंतू दिसत नाहीत, म्हणून आकडा कमी आला म्हणजे पाणी निर्जंतुक असा अर्थ काढू नका.

काही विक्रेते आणखी एक उपकरण आणतात, प्लगला लावायचं, खाली धातूच्या चार कांड्या. एका ग्लासात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओचं, दोन्हीत कांड्या बुडवून चालू करतात, आणि मिनिटाभरात नळाचं पाणी गढूळ तपकिरी होऊन वर गाळ येतो तर आरओचं तसंच स्वच्छ राहतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण तो गाळ बहुतेक लोखंडी कांडीचा आहे, खिळ्याबद्दल मघाशी सांगितलं तेच. नळाच्या पाण्यात आयन आहेत म्हणून वीज गेली आणि लोखंड झिजून त्याचं हायड्रॉक्साईड झालं, आरओच्या पाण्यात आयन फारच कमी म्हणून काही झालं नाही. पुढच्या वेळी कोणी हे दाखवायला आलं तर उपकरण प्लगमधून काढायला सांगा, त्यांच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून ढवळा, आणि मग म्हणा आता परत चालू करा.